साथीला यंत्र

गोव्यातल्या बांदोडा गावच्या दोन भावंडांचा पहिला अल्बम लवकरच प्रसिद्ध होत आहे. ती गाते, आणि तिचा आतेभाऊ लॅपटॉप, एक लहान सिंथेसायझर आणि एक ऑडिओ इंटरफेस एवढ्या सामग्रीवर बाकीचे सगळे संगीत उभे करतो. नऊ गाणी आहेत, सगळी मराठी, आणि एकूण लांबी छत्तीस मिनिटांच्या आसपास आहे. अल्बमचे नाव लोकांना आधी आपल्याकडूनच कळावे अशी दोघांची इच्छा असल्याने ते नाव, आणि त्यांची स्वतःची नावेही, मी येथे देत नाही. मला ही गाणी आधी ऐकायला मिळाली, कारण ती शाळेत असताना माझ्याकडे पेटी शिकायला येत असे. गाण्यांच्या फाइल पाठवताना तिने एकच ओळ लिहिली होती: "सर, साथ कशी झाली आहे ते सांगा."

आवाज कसा लागला आहे, शब्द कसे वाटतात, हे तिने विचारले नाही. तिने साथीबद्दल विचारले, आणि मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. इलेक्ट्रॉनिक पॉप गाणाऱ्या जोडीविषयी जे काही बोलायचे ते शेवटी साथीपाशीच येते, असे माझे मत आहे.

मी फोंडा तालुक्यातल्या देवळांत भजनाला आणि नाट्यसंगीताच्या मैफलींना पेटीची साथ करीत आलो आहे. साथीदाराला कोणी शिकवू शकत नाही आणि तरीही शिकावीच लागते अशी एक गोष्ट असते, ती म्हणजे गाणाऱ्याच्या किंचित मागे राहणे. तान कोठे वळणार हे गाणाऱ्यालाही आधी पुरते ठाऊक नसते. पेटीवाल्याने तिच्या मागोमाग जायचे, पण इतके जवळून की ऐकणाऱ्याला मध्ये फट जाणवू नये. आणि गाणारा श्वासासाठी थांबला की त्याने सोडलेल्या ओळीचा शेवट पेटीवर उचलून तेवढी जागा भरायची, मात्र पुढच्या ओळीची सुरुवात त्याच्याआधी वाजवायची नाही. तबलजीचेही तसेच. गायक समेवर अंमळ उशिरा आला तर ठेका तेवढा सैल होतो आणि पुन्हा घट्ट होतो. अभंगाच्या शेवटी गजर सुरू झाला की लय चढते, आणि ती नेमकी कोणी चढवली हे भजनात बसलेल्या कोणालाही सांगता येत नाही.

यंत्राला यातले काहीच कळत नाही. मिनिटाला नव्वद ठोके द्यायला सांगितले की ते नव्वदच देते, पहिल्या कडव्यातही आणि शेवटच्या कडव्यातही. गाणारीला श्वास अपुरा पडला, एखादा शब्द तिला जास्त वेळ धरावासा वाटला, तर यंत्र थांबत नाही. म्हणून यंत्र साथ करते असे म्हणणे मला पटत नाही. साथ यंत्रामागे बसलेला माणूस करतो, आणि त्याला ती आगाऊ करावी लागते. ती कोठे थांबेल, कोणत्या अक्षरावर रेंगाळेल, कोणत्या ओळीत तिला कोणीच सोबत नको असेल, हे त्याने आधी जाणून घेऊन मग यंत्राला सांगायचे असते. हे काम माझ्या कामापेक्षा अवघड आहे, कारण मला चूक सावरायला पुढचा क्षण मिळतो आणि त्याला तो मिळत नाही.

अशा जोड्या जन्माला येण्याचे कारण आधी यंत्रांच्या किमतीत होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सिंथेसायझर, आधी भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणारा सिक्वेन्सर आणि ड्रम मशीन सामान्य तरुणांच्या आवाक्यात येऊ लागली, आणि ड्रम वाजवणारा, बास वाजवणारा, गिटार वाजवणारा असा चार-पाच जणांचा ताफा जमवण्याची गरज उरली नाही. उरले दोघे: गाणारा एक आणि यंत्रे सांभाळणारा एक. इंग्लंडमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अशा जोड्यांची रांगच लागली. त्यांपैकी 'याझू' या जोडीचा पहिला अल्बम मला सर्वांत विचार करायला लावतो. व्हिन्स क्लार्क १९८१ च्या अखेरीस 'डिपेश मोड' या गटातून बाहेर पडला होता. ॲलिसन मोये त्याच्याच बॅझिल्डन गावची. पब्समध्ये ब्लूज गाणारी, आणि ब्लूजचाच गट हवा म्हणून तिने 'मेलडी मेकर' या साप्ताहिकात जाहिरात दिलेली. ती जाहिरात पाहून क्लार्कने तिला एका गाण्याच्या नमुना-मुद्रणासाठी बोलावले. त्या एका मुद्रणातून जोडी झाली, ते गाणे १९८२ साली ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अल्बमही आला.

तो अल्बम लंडनच्या साउथवर्क भागात, धार्मिक वापरातून बाहेर पडलेल्या एका चर्चच्या वास्तूत असलेल्या ब्लॅकविंग स्टुडिओत मुद्रित झाला. युद्धातल्या बॉम्बफेकीत त्या चर्चची पडझड झालेली होती. क्लार्कपाशी रोलँड कंपनीचा एमसी-४ सिक्वेन्सर होता, ज्यात प्रत्येक स्वराचा आकडा हाताने भरावा लागे. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकतील अशी मिडी ही पद्धत १९८३ साली आली, म्हणजे तोपर्यंत हा अल्बम बाजारात येऊन गेलाही होता. अशा आकड्यांतून बांधलेल्या काटेकोर, थंड सुरावटींवर मोयेचा भरदार, ओलसर, ब्लूजमध्ये मुरलेला आवाज येतो, आणि दोघे एकमेकांना फारसे ओळखत नाहीत हे ऐकू येते. यंत्र तिच्यासाठी थांबत नाही आणि ती यंत्रासाठी आपली गायकी बदलत नाही. त्या अल्बमची सगळी ताकद मला या न मिसळण्यात दिसते. पण त्यावर दोन माणसांना फार काळ उभे राहता येत नाही: १९८३ साली दुसरा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला तेव्हा जोडी मोडलेली होती.

सगळ्यांचे असे झाले नाही. 'पेट शॉप बॉइज'मधले दोघे १९८१ साली लंडनच्या किंग्ज रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात भेटले आणि त्यांचा पहिला अल्बम १९८६ साली आला. मधली वर्षे एकमेकांना समजून घेण्यात गेली असावीत असे त्यांचे ते अल्बम ऐकताना मला वाटते. 'युरिद्मिक्स' या जोडीचा १९८१ चा पहिला अल्बम जर्मनीत कोनी प्लांकसारख्या नामवंत निर्मात्यापाशी होऊनही फारसा खपला नाही. दुसरा त्यांनी बँकेचे कर्ज काढून, आठ ट्रॅकच्या यंत्रावर जवळजवळ घरच्या घरी केला, आणि जगाने त्यांना ओळखले ते त्यामुळे. पहिल्या अल्बमवर जोडीची पारख करू नये, हे मी त्या दोघा भावंडांच्या आईवडिलांनाही आवर्जून सांगितले आहे.

आपल्याकडे हे संगीत परके आहे असे मानण्याची पद्धत आहे, पण तारखा वेगळेच सांगतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला आणि तेथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक असलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्या टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर दहा राग बसवले, तेव्हा ती यंत्रे जगातही नवीच होती. आणि फोंडा तालुक्यातला प्रत्येक संगीतवर्ग गेली कित्येक वर्षे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर रियाझ करतो आहे. सकाळी बटण दाबून षड्ज-पंचम लावणाऱ्या मुलांना त्यात काही वावगे वाटत नाही. ज्या पेटीवर मी वाढलो, ती युरोपातून आलेली. तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही आणि तिच्या श्रुती ठरलेल्या असतात, म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला बंदी घातली होती. आज गोव्यातल्या कोणत्याही देवळाच्या चौकात पेटीशिवाय भजन उभे राहत नाही.

समुद्राकाठचे इलेक्ट्रॉनिक संगीत मात्र आमच्या भागात कधी रुजले नाही, आणि त्याचे कारण केवळ अंतर नव्हते. हणजुणे आणि वागातोर येथे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून जे संगीत घडले, ज्याला जग गोवा ट्रान्स म्हणते, ते रात्रभर नाचण्यासाठी होते. उन्हात तबकड्या वाकत म्हणून तेथले डीजे डॅट कॅसेटवर संगीत वाजवत, एकामागून एक तुकडा येत जाई आणि मिनिटाला एकशे चाळीसच्या आसपासच्या ठोक्याचे संगीत पहाटेपर्यंत चाले. त्याचे सामर्थ्य मी नाकारत नाही. पण त्याला गाणाऱ्याची गरज नव्हती. आवाज आलाच तर कुठून तरी उचललेल्या चार शब्दांपुरता. आमच्या भागात संगीत म्हणजे आधी गळा आणि मग बाकी सगळे. म्हणून बांदोड्यातल्या या अल्बमची नाळ मला त्या किनाऱ्यापेक्षा भजनाच्या बैठकीशी अधिक जुळलेली वाटते, जरी त्यात वापरलेली यंत्रे त्या किनाऱ्यावरच्या यंत्रांच्या घराण्यातलीच असली.

आता त्या दोघांनी काय केले ते सांगतो. पॉपमध्ये नेहमीची पद्धत अशी की आधी ठोका ठरतो, गाणारीच्या कानात हेडफोनमधून ठोका मोजणारी क्लिक वाजत राहते आणि ती त्या क्लिकवर गाते. यांनी ते उलटे केले. तिने घरातल्या कोठीच्या खोलीत, भिंतींना गोधड्या लावून, फक्त तंबोऱ्याच्या सुरावर पूर्ण गाणे गायले. लय तिची, थांबे तिचे. कौलांवर पाऊस कोसळत असताना हे शक्य नव्हते, त्यामुळे पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हाच काम होत असे. मग त्याने ते मुद्रण लॅपटॉपवर घेऊन, कान देऊन, प्रत्येक ठोका जेथे पडतो तेथे हाताने खूण केली आणि यंत्राची लय त्या खुणांप्रमाणे वाकवली. पहिल्या गाण्यात ती मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोक्यांनी सुरुवात करते आणि शेवटच्या कडव्याला एकोणनव्वदवर पोहोचते. यंत्रही तिच्याबरोबर चढते, आणि ऐकणाऱ्याला ते कळत नाही. गजर चढावा तसे ते आपसूक होते.

हे ऐकायला सोपे वाटते, करायला नाही. चौऱ्याऐंशीच्या लयीत एका ठोक्याला सुमारे ७१४ मिलिसेकंद लागतात आणि एकोणनव्वदच्या लयीत ६७४. एखादा प्रतिध्वनी ठोक्याइतक्या अंतराने यावा असे सुरुवातीच्या लयीला धरून बसवले, तर शेवटी तो चाळीस मिलिसेकंद मागे पडतो आणि गाणे चिखलात रुतल्यासारखे ऐकू येते. म्हणजे लय बदलली की तिच्यावर टेकलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा बसवावी लागते. तो वापरतो ते 'एबलटन लाइव्ह' हे सॉफ्टवेअर २००१ साली बाजारात आले. ते घडवणाऱ्यांत बर्लिनच्या 'मोनोलेक' या इलेक्ट्रॉनिक जोडीतले दोघेही होते, हे कळल्यावर मला विशेष आनंद झाला. ठोक्याचा काटेकोरपणा गाण्याला पुरत नाही, हे यंत्रे करणाऱ्यांनाही सुरुवातीपासून ठाऊक होते. रॉजर लिन यांनी १९८० साली केलेल्या ड्रम मशीनमध्ये मधले ठोके किंचित उशिरा पाडण्याची सोय होतीच.

त्याने सगळीकडे यंत्र वाकवले असते तर मला ते आवडले नसते. साथीदार सतत मागेमागे राहिला तर गाणाऱ्याला टेकायला काही मिळत नाही. तिसऱ्या गाण्यात मधल्या कडव्याला यंत्र एकदम सरळ, ताठ चालू लागते आणि तेवढ्यापुरती ती त्याच्याकडे येते. तिने ते कडवे वेगळे, क्लिकवर गायले आहे. ओळीच्या शेवटी तिचा आवाज पुन्हा सुटतो आणि यंत्र तिच्यामागे जाते. एकाने धरावे, दुसऱ्याने सोडावे, मग उलट व्हावे, हे दोघांनी कोठे आणि कसे ठरवले असेल हे मला माहीत नाही, पण आते-मामे भावंडांनी लहानपणापासून चवथीच्या आरत्या एकाच चटईवर बसून म्हटल्याचा यात वाटा असणार.

त्या आरत्यांमधले घुमटही अल्बमवर आहे. घुमट हे मातीचे वाद्य. एका तोंडावर चामडे, दुसरे तोंड उघडे, आणि त्या उघड्या तोंडावर तळवा झाकला-उघडला की नाद खालीवर होतो. पूर्वी त्याला घोरपडीचे चामडे असे. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झाले आणि आता बकऱ्याचे चामडे लावतात. राज्य सरकारने २०१९ साली त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. आतेभावाने घुमटाचे ठोके मुद्रित करून सिंथच्या खर्जाबरोबर जोडले आहेत, आणि त्यामागे त्याचा विचार व्यवहाराचा आहे: लोक फोनवर गाणी ऐकतात, फोनच्या लहान स्पीकरमधून खोल खर्ज ऐकूच येत नाही, पण घुमटाच्या थापेला वरचे नाद असल्याने कान उरलेला खर्ज स्वतः पुरवतो. दुसऱ्या आणि पाचव्या गाण्यांत हे फार सुंदर झाले आहे. सातव्या गाण्यात मात्र घुमट उगाच आले आहे. प्रेमाच्या विरहाचे ते साधे गाणे आहे, त्याला घुमटाची मागणी नाही, आणि गोव्याचे आहोत हे दाखवण्यासाठी ते घातल्यासारखे वाटते. चौथ्या गाण्यातल्या दीर्घ तार षड्जावर त्याने सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर लावले आहे. तो सूर आधीच लागलेला होता. मी मूळ मुद्रण ऐकले आहे. त्यात सुरावर पोहोचण्यापूर्वीचा जो हलका स्पर्श होता, तो दुरुस्तीत पुसला गेला. या दोन्ही गोष्टी मी त्यांना स्पष्टपणे सांगितल्या. पहिली त्याला पटली नाही, दुसरी तिला पटली, आणि अल्बममध्ये दोन्ही तशाच राहिल्या आहेत.

आजच्या काळात अल्बमच का काढायचा, असेही कोणी विचारेल. पूर्वी माध्यमच लांबी ठरवत असे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, ती साडेतीन मिनिटांचीच आहे. १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, तेव्हा गाण्यांचा क्रम लावण्याची कला जन्मली. आज कोणतीच मर्यादा नाही, आणि एकेक गाणे सुटे सोडण्यातच शहाणपणा आहे असे सर्वजण सांगतात. या दोघांनी नऊ गाणी एका क्रमाने मांडली, कारण साथ कशी वाढत गेली हे एका गाण्यात ऐकू येत नाही. सुरुवातीच्या गाण्यात यंत्र तिच्यामागे अदबीने चालते, मध्ये दोघांची थोडी ओढाताण होते, आणि आठव्या गाण्यापर्यंत कोण कोणाची साथ करतो आहे हे सांगणे कठीण होते. नवव्यात ठोका नाहीच. फक्त ती आणि सिंथवरचा एक लांब सूर.

पैशाचे गणित मी त्यांना विचारले, तेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादे गाणे आधीच्या बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकले गेले नाही तर त्याचे मानधन मिळत नाही, आणि नव्या मराठी गाण्याला हजार हा आकडा लहान नाही. दोघांच्या नोकऱ्या आहेत आणि त्या ते सोडणार नाहीत. प्रत्येक गाण्याच्या शब्दांचे आणि संगीताचे श्रेय त्यांनी दोघांच्या नावे निम्मे-निम्मे नोंदवले आहे, शब्द जवळजवळ सगळे तिचे आणि यंत्रावरचे काम सगळे त्याचे असूनही. घरात हा निर्णय कोणी समजावून सांगितला नाही आणि कोणी विचारलाही नाही.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाची तयारी चालू आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून संध्याकाळी लवकर, गावातल्याच सभागृहात तो व्हायचा आहे. मुद्रणात जे खुणा करून साधले ते मंचावर साधता येत नाही, कारण तेथे ती रोज वेगळी गाणार. म्हणून त्याने पायाखाली एक पेडल घेतले आहे. ती गात असताना तो पायाने ठोका देतो आणि यंत्र त्या ठोक्यावरून आपली लय ठरवते. सरावात कधी यंत्र घाईला येते, कधी मागे पडते, आणि तो पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने साथीदारासारखा घामाघूम होतो. दोघांनी मला दोन गाण्यांना पेटी घेऊन बसण्याचा आग्रह केला. यंत्र बिघडले तर आधार होईल, असे तिचे म्हणणे होते. मी नाही म्हटले. मी तेथे बसलो तर तिचे कान सवयीने पेटीकडे वळतील, आणि त्याला तिच्या श्वासाकडे इतके लक्ष द्यावे लागणार नाही. मी श्रोत्यांत बसणार आहे, आणि सातव्या गाण्यातले घुमट निदान मंचावर तरी काढ, हे त्याला अजून सांगतो आहे.